तळाखालचे लाकूड

पाण्यातल्या नौकेचा तळ सगळीकडून सारखा तोललेला असतो. तीच नौका जमिनीवर आली की सारा भार दोन-चार जागी एकवटतो, आणि ती ओढली जात असेल तर नेमक्या त्याच जागा घासल्या जातात. नौका बाहेर काढताना तळाचे नुकसान होते ते असे दोन तऱ्हांनी, ओरखड्याने आणि दाबाने. ओरखडा लगेच दिसतो, म्हणून त्याची हळहळ जास्त. दाबाने फळीचा सांधा सुटला तर ते कळते नौका पुन्हा पाण्यात गेल्यावर, आत पाणी साचू लागले की. दोन्हींवरचा उपाय मात्र जुन्या काळापासून एकच आहे. तळ आणि जमीन यांच्यामध्ये तिसरी वस्तू घालायची आणि झीज तिच्यावर ढकलायची. चिखल, चरबी, ओंडका, जादा फळी, रबराचा रोलर, कार्पेट ही त्या तिसऱ्या वस्तूची वेगवेगळ्या काळांतली रूपे.

नौका बाहेर काढण्याची गरज लाकडामुळे पडली. लाकूड पाण्यात राहून पाणी पिते, फुगते, जड होते. तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात आणि वेग घटतो. उष्ण समुद्रांत तर टेरेडो नावाचा जीव लाकडात शिरतो. त्याला कीड म्हणतात खरे, पण तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. बाहेरून सुईएवढे भोक दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. तळ उन्हात वाळवणे आणि खरवडणे हाच त्यावरचा जुना इलाज होता. त्यामुळे नौका जितकी चांगली राखायची तितकी ती वारंवार जमिनीवर ओढावी लागे, आणि जितकी ओढावी तितकी झिजे. हा पेच हजारो वर्षे तसाच राहिला.

त्यावरची सर्वांत जुनी बांधीव तोड न्युबियात, नाईल नदीच्या दुसऱ्या धबधब्याजवळ मिर्गिस्सा येथे सापडली. इजिप्तच्या मध्य राज्याच्या काळात, म्हणजे सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी, तिथे मोठा किल्ला होता. नदीचा तो भाग खडकाळ आणि खळाळता, त्यामुळे नावा पाण्यातून नेणे अवघड. म्हणून काठाने घसरण-वाट तयार केली होती. लाकडे आडवी, थोड्या-थोड्या अंतराने बसवलेली आणि त्यांवर नाईलच्या गाळाचा लेप. वाट वापरण्यापूर्वी गाळावर पाणी शिंपडायचे. ओला गाळ साबणासारखा निसरडा होतो आणि नाव त्यावरून सरकते. झिजतो तो गाळ, आणि गाळाला नाईलच्या काठी तोटा नाही. १९६०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ व्हेर्कुत्ये यांच्या पथकाने ही वाट उजेडात आणली. आस्वानच्या उंच धरणाचे पाणी चढत होते, तेव्हा हे उत्खनन घाईचेच होते. आज ती जागा जलाशयाखाली आहे.

ग्रीकांनी हा प्रश्न चिखलाऐवजी लाकडाच्या निवडीतून सोडवला. त्यांची युद्धनौका, ट्रायरीम, लांबट, हलकी आणि पातळ फळ्यांची असे. तिच्यावर १७० वल्हेकरी बसत. अशी नौका शक्य तेव्हा संध्याकाळी काठावर ओढली जाई, मागची बाजू पुढे करून. इलियडच्या दुसऱ्या सर्गात सैन्य घरी परतायला निघते तेव्हा वल्ही-शिडांच्या आधी आठवतात ते वाळूतले चर आणि नौकांखालचे टेकू. चर साफ करायचे, टेकू काढायचे, मग नौका ढकलायची. वर्षानुवर्षे जमिनीवर राहिलेल्या नौकांचे हे वर्णन लिहिणाऱ्याने ते काम जवळून पाहिले असावे.

तळाला नेमके काय लावावे, हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रॅस्टसने आपल्या वनस्पतींवरील ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. तो अॅरिस्टॉटलचा शिष्य. कोणते झाड कुठे उगवते एवढ्यावर न थांबता त्याचे लाकूड सुताराला कशासाठी लागते, हेही तो विचारतो. ट्रायरीमचा कणा ओकचा करतात, कारण त्याला ओढणे सोसावे लागते, असे तो सांगतो. व्यापारी जहाजाचा कणा मऊ, सूचिपर्णी लाकडाचा. पण ते ओढायचे असेल तर त्याखाली ओकचा दुसरा कणा बसवतात, आणि लहान नावांना बीच लाकडाचा. या बाहेरच्या आवरणासाठी ग्रीक भाषेत जो शब्द होता तो कासवाच्या नावावरून आलेला आहे. जहाजबांधणीत पुढे ज्याला खोटा कणा म्हणू लागले तो हाच. खऱ्या कण्याला खालून ठोकलेली ही पट्टी झिजली, फाटली की काढून दुसरी ठोकायची. खरा कणा बदलायचा तर नौकाच उलगडावी लागते. तळाचे रक्षण म्हणजे तळ कठीण करणे नव्हे, तर बदलता येण्याजोगा भाग खाली ठेवणे, हा विचार थिओफ्रॅस्टसच्या त्या दोन-चार ओळींत पुरता आलेला आहे. पुढच्या दोन हजार वर्षांत त्यात भर पडली ती साधनांची.

ओढता न येण्याचे परिणामही ग्रीकांनी भोगले. इ.स.पू. ४१४-४१३च्या हिवाळ्यात सिराक्यूजला वेढा घालून बसलेल्या निकियास या सेनापतीने अथेन्सला पत्र धाडले. शत्रूचे आरमार समोर टपलेले असल्यामुळे नौका काठावर ओढून वाळवता येत नाहीत आणि लाकडे पाण्याने सडत चालली आहेत, ही त्यातली एक तक्रार. थ्युसिडिडिसने ते पत्र आपल्या इतिहासात दिले आहे. पुढच्या वर्षी ते आरमार संपले. घरी, पिरियसच्या बंदरात, परिस्थिती उलट होती. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या नोंदींप्रमाणे तिथल्या तीन बंदरांत मिळून ३७२ नौकाशाळा होत्या, झेआमध्ये १९६, मुनिखियात ८२ आणि कांथारोसमध्ये ९४. पाण्यापासून वर चढत जाणारा उतार, दोन्हीकडे खांबांच्या रांगा आणि वर छप्पर. एका नौकेला एक गाळा. उतार बेताचा, साधारण दहास एक, कारण तो जास्त चढा केला तर ओढणाऱ्यांचा दम जातो आणि नौका निसटली तर आवरत नाही.

कॉरिंथच्या संयोगभूमीवर इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली दगडी वाट, डायोल्कोस, याच मालिकेतली. चुनखडीच्या फरशीत सुमारे दीड-पावणेदोन मीटर अंतरावर दोन समांतर चाकोऱ्या आहेत. त्यांतून चाकांच्या गाड्यावर माल आणि क्वचित युद्धनौकाही एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेल्या जात. इथे नौका घासत नव्हती, गाड्यावर बसत होती. तरी तिला गाड्यावर चढवताना आणि उतरवताना काठ लागायचाच, तो प्रश्न राहिला. इ.स. १४५३च्या एप्रिलमध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात, उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदने गलाताच्या टेकडीमागून सत्तरएक नौका जमिनीवरून ओढून सुवर्णशृंग खाडीत उतरवल्या. तो पराक्रम फार गाजला. तंत्र मात्र जुनेच होते, ओंडके आणि त्यांना फासलेली जनावरांची चरबी. त्या नौकांचे तळ नंतर कसे राहिले याची चौकशी इतिहासकारांनी केलेली नाही. विजय मिळाला की ओरखडे कोण मोजतो!

कोकणच्या किनाऱ्यावर नौका बाहेर काढण्याची वेळ पावसाने ठरवलेली आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की उघड्या किनाऱ्यावर होडी पाण्यात ठेवता येत नाही. हल्ली पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पण कायदा यायच्या आधीही मृगाच्या सुमारास होड्या वर चढत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर पुन्हा उतरत. चढवलेली नौका झावळ्यांनी, आता बहुधा ताडपत्रीने, झाकून बांधणे याला शाकारणे म्हणतात. घर शाकारावे तशी नौका शाकारायची, असा तो शब्द.

चढवण्याचे काम उधाणाच्या भरतीला धरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी सर्वांत वर येते, तेव्हा नौका जितकी वर तरंगत येईल तितकी ओढायची कमी. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत तेच काम दुप्पट पडते. पाण्याने हात सोडला की वाळूवर ओंडके आडवे टाकतात आणि त्यांना वंगण फासतात. पूर्वी तेल किंवा चरबी असे, आता इंजिनाचे जळके ऑइल. दोर पुढे, माणसे दोन्ही बाजूंना, आणि नौका एका अंगावर कलंडू नये म्हणून खांदे देणारे वेगळे. नौका चार हात सरकली की मागचा ओंडका मोकळा होतो. तो उचलून धावत पुढे नेऊन पुन्हा कण्याखाली घालायचा. हे काम चपळ पोराचे, आणि सर्वांत धोक्याचेही तेच. ओंडका तिरका पडला तर कणा त्यावरून घसरतो आणि कडेची फळी लाकडावर आपटते. कोकणातले सुतार कण्याला पठाण म्हणतात. ओढताना नौका पठाणावरच राहिली पाहिजे, बाजूच्या फळ्यांवर उतरता कामा नये, हा या कामातला मुख्य नियम.

वर आलेल्या नौकेच्या तळावर ओरखडे असतातच, पण लाकडी होडीवाल्याला त्याचे विशेष वाटत नसे. शिंपले खरवडताना खरवडणीचे ओरखडे त्याहून खोल पडत. मग फटी बुजवून तळाला तेलाचा हात मारायचा. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचे तेल यासाठी हिंदी महासागराच्या काठाकाठाने शतकानुशतके वापरात होते. चुना आणि तेल घोटून केलेला लेपही तळाला देत. लेप दर हंगामात नवा, म्हणजे जुना ओरखडा दर हंगामात आपोआप बुजलेला. लाकूड आणि तेल यांच्या जोडीने कोकणातल्या होड्यांना जी मोकळीक दिली होती ती पुढच्या फायबरने काढून घेतली.

मोठ्या गलबतांना ओंडके पुरत नसत. त्यांच्यासाठी खाडीचा चिखल हेच अंथरूण. भरतीला गलबत चिखलावर आणायचे आणि ओहोटीला ते अलगद टेकते. चिखल तळाच्या आकाराप्रमाणे दबतो, म्हणून भार एका जागी येत नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे, वाघोटण खाडीच्या काठी, आंग्र्यांच्या आरमाराशी जोडली जाणारी गोदी आहे. खडक फोडून केलेली ही गोदी शंभर मीटरहून अधिक लांब आहे. उधाणाला जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरले की तळ उघडा, म्हणजे ओढाताण नाहीच. मुंबईत हेच काम आणखी पुढे गेले. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १७५० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सुकी गोदी उभी राहिली. दरवाजा बंद करून पाणी काढले की जहाज लाकडी ठोकळ्यांच्या रांगेवर, नेमके कण्यावर बसते. किनारा तिथे लागत नाही. पण गोदी खोदायला राजाचा किंवा कंपनीचा खजिना लागतो, आणि म्हणून लहान जहाजांच्या मालकांना ओढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्यांची सोय लावली स्कॉटलंडमधल्या लीथ बंदराचा जहाजबांधणीकार थॉमस मॉर्टन याने. १८१९ मध्ये त्याने जे पेटंट घेतले त्यात काठापासून खोल पाण्यापर्यंत उतरत गेलेले रूळ होते आणि त्यांवर धावणारा लाकडी पाळणा, म्हणजे गाडा. गाडा रिकामाच पाण्याखाली जातो, जहाज तरंगत येऊन त्याच्या वर उभे राहते, मग गाडा हळूहळू वर ओढला की आधी कणा टेकतो. कडेचे ठोकळे दोरांनी आत ओढून तळाच्या गोलाईला भिडवायचे, आणि मग सगळे मिळून वर घ्यायचे. दोर तुटला तर गाडा मागे पळू नये म्हणून दात्यांच्या पट्टीत अडकणारी खिट्टी होती. हजारो वर्षे नौका गाड्याकडे ओढली जात होती. मॉर्टनने गाडा नौकेकडे नेला. तळ कशावरूनही सरकतच नाही, तर तरंगत येऊन बसतो. आज मोटारीमागच्या ट्रेलरवर नौका चढवतात ती याच तत्त्वाने, मग चढवणाऱ्याने मॉर्टनचे नाव ऐकलेले असो वा नसो.

गाडा पाण्यापर्यंत पोहोचत नसेल तर काय होते, हे इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर १२ जानेवारी १८९९च्या रात्री दिसले. फॉरेस्ट हॉल नावाचे जहाज पॉरलॉकजवळ वादळात सापडले होते. लिनमथ गावची जीवनरक्षक नौका लुईझा समोरच्या लाटांमुळे पाण्यात उतरवता येईना. तिचा तांडेल जॅक क्रोकोम याने ती जमिनीवरून पॉरलॉकला नेण्याचे ठरवले. अंतर सुमारे १३ मैल, वाटेत काउंटिसबरीची चढण. ३४ फुटी नौका, गाड्यासकट वजन दहा टनांच्या घरात. दीड-दोन डझन घोडे जुंपले आणि शंभरेक माणसे लागली. चढण संपल्यावर बहुतेक माणसे परत गेली आणि वीसएक उरली. गाड्याचे चाक निखळले ते पुन्हा बसवले. पुढे रस्ता इतका अरुंद झाला की गाडा दोन भिंतींमधून जाईना. तेव्हा नौका गाड्यावरून उतरवली, गाडा माळरानातून वळसा घालून पाठवला आणि नौका लाकडी फळ्यांवरून ओढत नेली. मागची फळी उचलून पुढे टाकायची, तेही अंधारात, वाऱ्यात, सुमारे मैलभर. कोकणातल्या ओंडक्यांची आणि या फळ्यांची रीत एकच. पॉरलॉकला कोपऱ्यावरची भिंत आड आली तर तीच पाडली. सकाळी साडेसहाच्या सुमारास लुईझा पाण्यात उतरली आणि जहाजावरची सगळी माणसे वाचली. पुढे अशा नौकांसाठी घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली; त्याच्या पहिल्या चाचण्या १९२० मध्ये हन्स्टंटनला झाल्या.

घरोघरच्या नौकेला ट्रेलर मिळाला तो अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. बाहेरून लावायचे हलके इंजिन ओले एव्हिनरूडने १९०९ पासून बाजारात आणलेलेच होते. १९४०च्या दशकात काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या नौका होऊ लागल्या, १९५०च्या दशकात त्या कारखान्यांतून भराभर निघू लागल्या आणि १९५६ पासून महामार्गांचे जाळे पसरू लागले. नौका अंगणात आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर, अशी नवी रीत पडली. नौका वर्षातून एकदा चढवायची ती आता दर रविवारी दोनदा चढू-उतरू लागली.

इथे ओरखड्याचा अर्थ बदलला. काचतंतूच्या नौकेचा चकचकीत बाह्य थर, जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. तो नुसता देखणा नसतो, तर पाणी आतल्या तंतूंपर्यंत जाऊ न देणारी कातडी असते. ओरखडा त्यातून आरपार गेला तर तंतूंच्या बाजूने ओल शिरते. लाकडासारखा तेलाचा हात मारून भागत नाही. वाळवावे लागते, घासावे लागते, नवा जेलकोट भरून घोटावा लागतो. शिवाय पांढऱ्या तळावर काळ्या रबराच्या रोलरचा डागसुद्धा उठून दिसतो. ओरखड्याची चिंता ही नवी चिंता आहे. जुन्या नावाड्याला ती समजावून सांगावी लागली असती.

ट्रेलरवाल्यांत दोन पंथ पडले. रोलरवाल्या ट्रेलरवर नौका सहज सरकते, उतार कमी असला तरी चढते. पण भार थोड्या रोलरांवर एकवटतो आणि वर्षभर तशीच उभी ठेवली तर पातळ तळाला खळगे पडू शकतात. लाकडी फळ्यांवर कार्पेट ताणून केलेला ट्रेलर भार लांबवर वाटून देतो. मात्र त्यावर नौका कोरडी ओढता येत नाही आणि ट्रेलर खोल पाण्यात न्यावा लागतो. शिवाय कार्पेटमध्ये वाळू बसते. तळ वाचवण्यासाठी लावलेले कार्पेट मग पॉलिशपेपरचे काम करते. अॅल्युमिनियमच्या नौकांना आणखी एक घात झाला. २००४च्या सुमारास अमेरिकेत लाकडावरची जुनी आर्सेनिकयुक्त प्रक्रिया घरगुती वापरातून गेली आणि तांब्याचे प्रमाण जास्त असलेली नवी आली. अशा फळीवरच्या ओल्या कार्पेटवर अॅल्युमिनियमचा तळ टेकला की तांब्यामुळे धातू खाल्ला जाऊन छिद्रे पडू लागली. तेव्हापासून या फळ्यांसाठी साधे लाकूड वापरण्याचा किंवा वर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकण्याचा सल्ला दिला जातो.

चढवण्याची रीत मात्र मॉर्टनच्या गाड्याचीच राहिली. कार्पेट आधी पूर्ण बुडवून ओले करायचे आणि त्यातली वाळू धुऊन काढायची. मग ट्रेलर थोडा वर घ्यायचा, म्हणजे मागची टोके पाण्यात आणि पुढची बाहेर राहतात. नौका तरंगत आणून मध्यावर धरायची आणि शेवटचे हातभर अंतर विंचने ओढायचे. पट्टा जड लागला तर जोर लावायचा नाही, ट्रेलर आणखी वीतभर मागे न्यायचा. इंजिनाच्या जोराने नौका ट्रेलरवर ठोसत चढवण्याची सवय तर अनेक ठिकाणी मनाईची आहे. पंख्याचा झोत उताराच्या टोकाशी खड्डा पाडतो आणि पुढच्याच्या ट्रेलरचे चाक त्यात अडकते.

कोकणात ट्रेलर अजून क्वचित दिसतो, पण जेलकोट आला आहे. छोट्या होड्या पूर्ण फायबरच्या, आणि जुन्या लाकडी होड्यांवरही फायबरचे आवरण चढवतात. आवरणाने लाकूड किड्यापासून वाचते. पण ओंडक्यावरून ओढताना ते फाटले तर आत अडकलेले पाणी लाकूड आतून सडवते आणि बाहेरून काही दिसत नाही. ओंडकेही आता तेच राहिले नाहीत. कुठे ट्रॅक्टर ओढतो, कुठे क्रेन पट्ट्यांवर उचलते. ओली जागा आणि दमट हवा असेल तर रेझिन नीट धरत नाही. म्हणून जूनमध्ये चढवताना पडलेली चीर बुजवायला पावसाची उघडीप गाठावी लागते, आणि ती साधली नाही तर होडी नारळी पौर्णिमेला तशीच पाण्यात उतरते.